आजीचा शेवट

कथा लिहून झाली की ती घरात दाखवायची नाही, हा नियम मी तीसएक वर्षे पाळला. त्यामागे फार मोठे तत्त्व नव्हते. घरातल्या माणसांना कथेत स्वतःचे चेहरे दिसतात, नसले तरी दिसतात. आणि मग कथा बाजूला राहून 'मी असं कधी बोलले होते?' या एका प्रश्नावर सगळी रात्र जाते, एवढा साधा अनुभव त्यामागे होता. 'उतार' या कथेच्या बाबतीत हा नियम मोडला. मी मोडला नाही, माझ्या मुलीने मोडला. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, भाऊबीजेला आत्या कऱ्हाडच्या घरी आली होती, काका होते, आई होती, आणि मुलीने माझ्या टेबलावरचे कागद उचलून 'ही तर आपल्या आजीची गोष्ट आहे' असे जाहीर केले. माझी आजी म्हणजे तिची पणजी. तिने तिला पाहिलेले नाही. पण कोयनानगर आणि पाणी हे दोन शब्द पहिल्याच पानावर असल्यावर आमच्या घरात ओळख पटायला वेळ लागत नाही.

आईच्या डोळ्यांना आता छापील मजकूरही नीट दिसत नाही, माझे हस्ताक्षर तर दूरच. तेव्हा मुलीने ती कथा मोठ्याने वाचली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कथा अशी होती. कोयनेच्या पाण्याखाली गाव गेलेली एक म्हातारी, जलाशयाच्या वर डोंगराच्या कुशीत छप्पर टाकून राहते. मुलगा त्याच धरणावर नोकरीला आहे. उन्हाळ्यात पाणी उतरते, गावाची जोती उघडी पडतात, आणि म्हातारी दरवर्षी खाली उतरून आपल्या घराच्या जोत्यावर जाऊन बसते. एका वर्षी मुलगा रात्रपाळीला असताना ती उतरते. वळवाचा पाऊस येतो. सकाळी जोत्यावर तिची काठी सापडते. म्हातारी सापडत नाही. शेवटच्या वाक्यात पाणी काठीपर्यंत आलेले असते.

हा शेवट मला फार आवडला होता, हे कबूल केले पाहिजे. 'उतार' या शब्दावरही मी खूश होतो. पाण्याचा उतार, डोंगराचा उतार, विषावरचा उतार. आणि सातबाऱ्याचा उतारा म्हटला तर तोही फार लांब नाही. असा शब्द हाती लागला की लेखकाला आपण फार खोल काही लिहिले आहे असे वाटू लागते.

कथेबाहेरच्या कोयनानगरविषयी थोडे सांगायला हवे. कऱ्हाडहून चिपळूणकडे जाताना, कुंभार्लीचा घाट लागण्यापूर्वी, हेळवाकजवळ हे गाव येते. गाव म्हणजे प्रकल्पाची वसाहत. धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शिवाजीसागर भरत गेला. शंभर मीटरहून थोडी अधिक उंच भिंत, आणि तिच्यामागे उत्तरेला थेट तापोळ्यापर्यंत पसरलेले पाणी. हे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात उतरवायचे आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरात वीज करायची, अशी ही योजना. या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावे कमीअधिक प्रमाणात गेली. कोणी सोलापूरकडे गेले, कोणी सांगलीकडे, कोणी घाट उतरून ठाणे-रायगडाकडे. आणि कोणी कुठेच गेले नाही, पाणी जसे वर आले तसे चार पावले वर सरकत राहिले. आमची आजी या शेवटच्या गटातली. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडणाऱ्या पावसात, डोंगराच्या उतारावर. वडील वसाहतीत राहायचे, ती तिकडे. मधले अंतर पायी अर्ध्या दिवसाचे.

वाचन संपले तेव्हा आत कोणीच बोलले नाही. मग आत्याचा आवाज आला. "आई अशी मरायला मोकळी हुती का रं?"

मी आत गेलो. माझ्या मनात उत्तर तयार होते. ही आजी नाही, हे पात्र आहे, वगैरे. अशी उत्तरे साहित्य संमेलनाच्या मांडवात बरी वाटतात. आत्या पंचाहत्तर ओलांडलेली, तिसरी शिकलेली, आणि आजीची थोरली लेक. तिच्यासमोर 'पात्र' हा शब्द तोंडातून निघेना.

"आन् जोत्यावर बसायला कशापायी जाईल ती? बसायला येळ कुठं हुता? आम्ही दगडं आणायला जायचो."

दगड आणायला जायचो, ही गोष्ट मला माहीत नव्हती. आजी गेली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. तिच्या घरी राहिलो आहे, तिच्या हातचे नाचणीचे आंबील प्यायलो आहे, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून अभ्यास केला आहे. ती भिंत कुठल्या दगडांची आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

आत्याने सांगितले ते असे. गाव सोडताना लोकांनी घरे उतरवली. वासे, तुळया, कौले, दारांच्या चौकटी, जे लाकूड कामाचे होते ते सगळे डोक्यावरून वर नेले. दगड मात्र राहिले. पाणी येण्याच्या घाईत दगड कोण उचलणार? वर नव्या जागी कुडाची घरे झाली, आणि पहिल्याच पावसाळ्यात कूड कुजला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आजी खाली गेली आणि जोत्याचा एक दगड घेऊन आली. दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरांना बरोबर नेले. गाव वरच्या अंगाला असल्याने वैशाख-ज्येष्ठात काही दिवस तरी जोती उघडी पडत. तेवढ्या दिवसांत, ऊन चढायच्या आत, एक खेप. पोरांना लहान दगड, तिला मोठा. चिखल वाळलेला असे तोवर ठीक. मधेच पाय गेला तर गुडघ्यापर्यंत. आत्या म्हणाली, लगीन झाल्यावर सासरी गेले तेव्हा आधी हेच मनात आले की आता दगडांतून सुटले. काकांनी मान हलवली. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचे नख तेव्हापासून काळे आहे. हे नख मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

आता इथे माझ्यातला लेखक चिडला, हे मी लपवत नाही. घरच्या माणसांचा कथेवरचा आक्षेप नेहमी एकाच जातीचा असतो: 'असं झालं नव्हतं.' आणि त्याला आपले उत्तरही ठरलेले असते: कथा म्हणजे पंचनामा नव्हे. झाले नव्हते म्हणून तर लिहायचे. शिवाय शेवटाचा अधिकार लेखकाचा, असे आपण मानतो. परंतु वाङ्मयाचा इतिहास या बाबतीत वाटतो तितका सोवळा नाही. डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट १८६१ साली मुद्रितांच्या वेळी बदलला, तो बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राने गळ घातली म्हणून. मूळ शेवट पुढे १८७४ साली, डिकन्सच्या मृत्यूनंतर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून बाहेर आला, आणि त्यातला कुठला बरा यावर अजून वाद चालतो. इब्सेनचे प्रकरण आणखी विलक्षण. 'अ डॉल्स हाउस'चा जर्मनीत प्रयोग करायचा तर मुलांना सोडून जाणारी नोरा मी करणार नाही, असे तिथल्या अभिनेत्रीने सांगितले, आणि इब्सेनने १८८० साली नोराला दारातून मागे वळवणारा शेवट स्वतःच्या हाताने लिहून दिला. दुसऱ्या कोणी नाटकाची वाट लावण्यापेक्षा आपणच लावलेली बरी, असा त्याचा हिशेब होता. त्याला त्या शेवटाचा मनापासून तिटकारा होता.

मला मात्र या दोघांपेक्षा जेन ऑस्टेन जवळची वाटते. 'मॅन्सफिल्ड पार्क' १८१४ साली आल्यावर घरच्यांची आणि ओळखीच्यांची मते तिने आपल्या हाताने एका यादीत उतरवून ठेवली. त्यात तिच्या आईचेही मत आहे: आधीच्या कादंबरीइतकी ही आवडली नाही, आणि नायिका मिळमिळीत वाटली. लेखिकेने ते लिहून ठेवले, आणि पुस्तक होते तसेच राहू दिले. उलट 'पर्सुएशन'चा शेवट तिने १८१६ च्या उन्हाळ्यात स्वतःच रद्द केला, नवी प्रकरणे लिहिली. ती रद्द पाने अजून जपलेली आहेत. म्हणजे ऐकायचे सगळ्यांचे आणि खोडायचे आपल्याला टोचेल तेव्हा. हे धोरण मला पटते. त्या रात्री मीही असेच ठरवले की आत्याचे दगड लिहून ठेवावेत, शेवट आहे तो ठेवावा. फार तर म्हातारीच्या हातात एक दगड द्यावा. दगडासह बुडणारी म्हातारी! प्रतिमेला वजन येईल. (हा विनोद तेव्हा मला विनोद वाटला नव्हता.)

काकांचा आक्षेप वेगळा होता. त्यांना कथेत जमीन हवी होती. "ती बुडाली का नाही ते सोड. जमिनीचं काय झालं ते लिही की." बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात दूरच्या एका जिल्ह्यात कागदावर जमीन मिळाली, ताबा कधी मिळाला नाही. काकांनी त्यासाठी एका कचेरीच्या ज्या फेऱ्या घातल्या त्या मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि त्यांच्या कापडी पिशवीतले कागद आता घडीवर फाटतात. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. त्याच्या कितीतरी आधी कोयनेचे गाव-शिवार पाण्याखाली जाऊन बसले होते. २०१८ साली धरणग्रस्तांनी कोयनानगरलाच ठिय्या दिला तेव्हा काका तिथे जाऊन बसून आले, त्यातले कित्येक जण बुडीत गाव न पाहिलेले, तिसऱ्या पिढीचे होते. काकांचे म्हणणे खोटे नव्हते. पण विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ साली येऊन गेल्यावर पुनर्वसनाच्या कागदांचे ते रान मी बारा पानांत पुन्हा काय तुडवणार, असे म्हणून मी तो विषय टाळला. काकांना ते उत्तर पटले नाही. अजूनही पटलेले नाही.

आई त्या रात्री काहीच बोलली नाही.

सकाळी मी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. आई मेथी निवडत होती. तिला पाने दिसत नाहीत, बोटांना कळतात. मान वर न करता ती म्हणाली, "त्यांना रात्रपाळीला कशाला घातलंस?"

मला आधी समजले नाही. मग समजले. कथेतला मुलगा म्हणजे माझे वडील.

"ते पाण्याच्या पातळीवर होते. त्यांना रात्रपाळी कुठं होती?"

वडील धरणावर मजूर म्हणून लागले आणि पुढे पाण्याची रोजची पातळी नोंदवणाऱ्या माणसांत आले. हे मला ठाऊक होते. किती फूट चढले, किती उतरले, हे घरात जेवताना सांगायची त्यांना सवय होती, आणि आम्हा भावंडांना त्याचा कंटाळा यायचा. पण आईने पुढे जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात पाणी विशिष्ट खुणेखाली गेले की वडील तिकडे जाणाऱ्या कोणाबरोबर तरी आजीला निरोप पाठवत. काही लांबलचक नाही. 'उघडं पडलं' एवढाच. तो निरोप मिळाला की आजी खाली उतरे.

मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या कथेत मुलगा नव्हता. म्हणजे होता, पण त्याला मी सोयीस्करपणे कामावर पाठवला होता, आणि त्याच्या गैरहजेरीत म्हातारीला बुडवून मोकळा झालो होतो. ज्या पाण्याने आईचे घर नेले त्याच पाण्याच्या पगारावर जगणारा मुलगा, आणि ते पाणी रोज मोजणारा. त्या दोघांना समोरासमोर उभे केले तर काय होईल, हे मला लिहिता येत नव्हते. म्हातारी मेली की ते लिहावे लागत नाही. मृत्यू हा शेवट म्हणून लेखकाला आवडतो याचे एक कारण हेही असावे. मेलेल्या माणसाला संवाद द्यावे लागत नाहीत. आपल्या ग्रामीण कथेत गाव बुडाल्यावर, बैल विकल्यावर, लेक गेल्यावर ज्या म्हाताऱ्या विहिरीच्या आणि तळ्याच्या काठाने नाहीशा होतात त्यांच्यातल्या काही तरी लेखकाच्या अशाच अडचणीने गेल्या असतील.

"मग त्यांच्यात बोलणं काय व्हायचं?" मी विचारले.

"बोलणं कसलं? भूकंपापर्यंत त्या क्वार्टरवर कधी आल्या नाहीत. हे महिन्याला तांदूळ पोचवायचे. त्या ठेवून घ्यायच्या."

भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे. मी चौदा महिन्यांचा होतो, त्यामुळे माझ्याकडे त्याची आठवण नाही. आईकडे आहे आणि ती ती क्वचित काढते. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, वसाहतीतली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत, धरणाच्या भिंतीला तडे गेले. जलाशयाच्या पाण्याने भूकंप घडू शकतो का, या प्रश्नाच्या चर्चेत जगभर कोयनेचे नाव तेव्हापासून घेतले जाते, आणि त्याच्या अभ्यासासाठी अलीकडे तिथे तीन किलोमीटर खोल भोकही पाडले आहे. ते मी एकदा आईला वाचून दाखवले तेव्हा तिने विचारले होते, "आत काय ऐकू येतंय म्हणे?"

त्या पहाटे वडिलांनी आम्हाला दाराच्या चौकटीतून ओढून काढले. अंधारात लोक एकच गोष्ट बोलत होते: धरण फुटले का? आई म्हणाली, सगळे वरच्या बाजूला पळत होते आणि हे धरणाकडे गेले. शौर्य म्हणून नाही. पाण्याची पातळी पाहायला. पातळी होती तिथे आहे म्हणजे भिंत उभी आहे. ती पाहून ते परत आले, आम्हाला उघड्यावर बसवले आणि उजाडल्यावर काठाकाठाने चालत आजीकडे निघाले. ती कशी आहे याची काहीच खबर नव्हती. दुसऱ्या दिवशी परत आले ते एवढेच बोलले, 'आई बरी आहे, गोठा पडला.'

गोठा म्हणजे ती दगडांची भिंत. पाच-सहा उन्हाळे डोक्यावरून वर आणलेली.

"मग पुढच्या वैशाखात," आई म्हणाली, "ह्यांनी निरोप पाठवला नाही. रजा काढून स्वतः गेले. मी तुला घेऊन बरोबर. ते दोघं खाली उतरले, मी वर छपरात. त्यांना येताना बघत होते. म्हातारी पुढं, हे मागं मोकळ्या हातानं. हात लावू देत नव्हती. पाण्यावरनं अर्ध्या चढावर आल्यावर थांबली आणि डोक्यावरचा दगड उतरून यांच्या डोक्यावर ठेवला."

"काही बोलली?"

"तेवढ्या लांबनं काय ऐकू येणार?"

"रागानं ठेवला, की..." मला पुढचा शब्द सापडेना.

आईने मेथीची काडी मोडली. "जड होता म्हणून ठेवला."

मी कथा पुन्हा लिहायला घेतली. ती लगेच जमली असे नाही. पहिल्या खेपेस मी वडिलांच्या डोळ्यांत पाणी आणले. डोक्यावर दगड, डोळ्यांत पाणी, समोर जलाशय: पाण्याची अशी तीन तीन रूपे एका परिच्छेदात आली की समजावे, लेखक पुन्हा मूळ पदावर आला. मुलीने ते वाचून विचारले, "आजोबा खरंच रडायचे?" मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते. ते वाक्य काढले. दुसऱ्या खेपेस मी आजीच्या तोंडी एक वाक्य घातले, ज्याने तिने मुलाला क्षमा केली असे वाचकाला स्पष्ट व्हावे. ते पंधरा दिवस तसेच राहिले. वाक्य चांगले होते, पण क्षमा झाली की नाही हे मला कुठे माहीत होते? आईलाही माहीत नव्हते, आणि ती तिथे होती. पुढे आजी क्वार्टरवर येऊ लागली, सणाला राहू लागली, हे खरे. पण 'तुमचं धरण' हा शब्दप्रयोग तिने वडिलांशी बोलताना शेवटपर्यंत सोडला नाही, हेही खरे. तेही वाक्य गेले.

तेव्हा उरले ते एवढे: निरोप न येणे, मुलगा स्वतः येणे, खाली जोती, वर चढताना म्हातारी पुढे आणि मुलगा मागे रिकामा, अर्ध्या चढावर दगड एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर. आणि मग ती दोघे चढत राहतात. काठी नाही, वळवाचा पाऊस नाही. कथेचे नावही पडले. उताराचे सगळे श्लेष गेल्यावर ते नाव ठेवण्यात अर्थ राहिला नाही. आता तिला 'खेप' म्हणतो.

जुना शेवट अधिक परिणामकारक होता, असे ज्यांनी दोन्ही वाचले त्या एका मित्राचे मत आहे. त्याचे म्हणणे मी धुडकावत नाही. वाचणाऱ्याच्या छातीवर काहीतरी आदळावे असे पहिल्या शेवटात होते, दुसऱ्यात ते नाही. शिवाय हा शेवट घरच्यांनी सांगितला म्हणून खरा आणि खरा म्हणून चांगला, असे मला अजिबात म्हणायचे नाही. आत्याला हवे तेवढे दगड त्यात नाहीत, काकांची जमीन नाही, आणि आईच्या मनात तर वडिलांना कथेत आणूच नये असे असावे; तिने मला प्रश्न विचारला तो त्यांना रात्रपाळीतून सोडवण्यासाठी, डोक्यावर दगड देण्यासाठी नव्हे. मी तिचे ऐकले ते तिच्या इच्छेविरुद्धच ऐकले, असे कधी कधी वाटते.

या वर्षी होळीच्या सुमारास नवी प्रत घरात वाचली, आणि या वेळी मीच वाचली. काका समोर होते, आत्या फोनवर होती. कथा संपल्यावर काका म्हणाले, "बरी झाली." त्यात जमीन नसल्याचे ते बोलले नाहीत, पण उठताना पिशवी बरोबर घेऊन उठले. फोनमधून बराच वेळ काही आले नाही, इतका की लाइन तुटली असे मला वाटले. मग आत्या म्हणाली, "चुंबळ कुठाय?"

"कसली चुंबळ?"

"आरं, नुसता दगूड ठेवंल का आई त्याच्या डोक्यावर? टाळू फुटंल की."

मी आईकडे पाहिले. ती भिंतीला टेकून बसली होती.

"होती," ती म्हणाली. "आधी आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून त्यांच्या डोक्यावर बसवली, दाबून बघितली. मग दगड."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं?"

रात्री मी तेवढे एक वाक्य वाढवले. चुंबळ कशाची होती, एवढेच आईला परत विचारायला गेलो. जुन्या लुगड्याची, हिरव्या, असे ती झोपेत म्हणाली.